शांघायमध्ये कट्टा जमवताना: पोलीस नोंदणीपासून ओल्या कचऱ्यापर्यंत

शांघायमध्ये परदेशी माणसाला माणसं भेटत नाहीत, ही तक्रार खरी नाही. पहिल्या महिन्यातच फोनमध्ये नावांची रांग लागते. अडचण नंतर सुरू होते. नोकरीचे करार दोन-तीन वर्षांचे असतात. आंतरराष्ट्रीय शाळांचं वर्ष जूनमध्ये संपतं आणि त्या सुमारास ओळखीतली बरीच घरं कुलूप लावून निघून जातात. ऑगस्टमध्ये नवी माणसं येतात आणि पुन्हा श्रीगणेशा. इथे कट्टा जमवणं सोपं आहे, दुसऱ्या वर्षी तो शिल्लक ठेवणं कठीण. त्यासाठी गप्पिष्ट माणसापेक्षा हिशेब, पत्ता आणि तारीख नीट सांभाळणारा माणूस जास्त उपयोगी पडतो. पुढची सगळी माहिती त्या माणसासाठी.

पहिले दोन दिवस: कागद आणि फोन

हॉटेलात उतरलात तर पोलीस नोंदणी हॉटेलच करतं. भाड्याच्या घरात किंवा कोणाच्या घरी राहणार असाल, तर २४ तासांच्या आत स्थानिक पोलीस ठाण्यात, म्हणजे पायछूसुओमध्ये, राहण्याची नोंद करावी लागते. हा नियम २०१३च्या जुलैपासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यातला आहे. नोंद राहिली तर ताकीद मिळते आणि २,००० युआनपर्यंत दंडही होऊ शकतो. पासपोर्ट, व्हिसाचं पान, भाडेकरार आणि घरमालकाची कागदपत्रं बरोबर न्या. शांघायमध्ये ऑनलाइन नोंदणीचीही सोय आहे.

याचा कट्ट्याशी थेट संबंध आहे. पुण्याहून आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले, किंवा बीजिंगचा मित्र दिवाळीला दोन रात्री तुमच्याकडे राहिला, तर त्यांचीही नोंद लागते. ‘दोनच दिवसांचा प्रश्न आहे’ असं म्हणून लोक ती टाळतात. मग व्हिसाची मुदत वाढवायला गेल्यावर मधल्या काळातली नोंद सापडत नाही आणि तिथे गाडं अडतं.

दुसरं काम वीचॅटचं. संदेश, गट आणि पैसे देणं-घेणं, सगळं इथे याच चिनी ॲपवर चालतं. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम इथल्या नेटवर्कवर चालत नाहीत. भारतातलं सिम रोमिंगवर असेल तर चालतात, पण त्यावर गट उभारण्यात अर्थ नाही, कारण निम्मी माणसं संध्याकाळी घरच्या वायफायवर असतात. वीचॅटचं नवं खातं उघडताना बहुतेकदा जुन्या वापरकर्त्याने कोड स्कॅन करून दुजोरा द्यावा लागतो, आणि एक माणूस असा दुजोरा महिन्यातून एकदाच देऊ शकतो. त्यामुळे निघण्यापूर्वी भारतातूनच खातं उघडा, किंवा पहिल्या दिवशी ऑफिसातल्या सहकाऱ्याला पकडा. पोहोचल्यावर चिनी नंबर घ्या. ‘गाओद’ हे नकाशाचं ॲप उतरवा, कारण गूगलचा नकाशा इथे जागा थोड्या सरकवून दाखवतो. रात्री दहा वाजता दोन गल्ल्या चुकल्यावर त्याचा अर्थ नीट कळतो.

गट: किती माणसं, कोणते नियम

वीचॅटच्या गटात जास्तीत जास्त ५०० माणसं मावतात. पण खरी मर्यादा २००ची आहे. त्यापुढे गटाचा क्यूआर कोड स्कॅन करून आत येता येत नाही, आतल्या कुणीतरी हाताने जोडावं लागतं. शिवाय गटाचा क्यूआर कोड सातच दिवस जिवंत राहतो. दिवाळीच्या पत्रकावर महिनाभर आधी गटाचा कोड छापला तर आठव्या दिवसापासून नवी माणसं बंद दारावर येऊन परत जातात, आणि आपण म्हणतो, यंदा प्रतिसाद कमी आहे. पत्रकावर संयोजकाचा वैयक्तिक कोड छापा. तो असा सात दिवसांत मरत नाही.

मोठ्या गटात गप्पा होत नाहीत, तिथे आंबे कुठे मिळतात एवढंच चालतं. म्हणून दोन थर ठेवा. एक मोठा गट फक्त सूचनांसाठी. प्रत्येक कार्यक्रमाला वेगळा छोटा गट, ज्याच्या नावातच तारीख आणि मेट्रो स्टेशन असेल. कार्यक्रम झाला, हिशेब झाला, की तो मोडायचा. गटातलं टोपणनाव ‘नाव-भाग’ असं ठेवायला सांगा: अनघा-गुबेइ, समीर-जिनछ्याओ. कोण कुणाला टॅक्सीत घेऊन येऊ शकतं हे त्यावरून लगेच कळतं.

येणाऱ्यांची यादी करायला वीचॅटमध्ये ‘ज्येलोंग’ नावाची सोय आहे. आपल्या गाण्यांच्या भेंड्यांसारखे चिनी लोक म्हणींच्या भेंड्या खेळतात, त्याच खेळाचं हे नाव. एकाने पहिली ओळ टाकायची, पुढच्याने तीच यादी उचलून खाली आपलं नाव जोडायचं. दोघांनी एकाच क्षणी नाव घातलं तर एखादं गळू शकतं, म्हणून रात्री संयोजकाने एकदा मोजून घ्यावं. यादीत मोठे, मुलं आणि शाकाहारी असे तीन आकडे वेगळे मागा. नुसतं ‘आम्ही येतोय’ हे उत्तर स्वयंपाकाच्या कामाचं नसतं.

गट चालवणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ८ ऑक्टोबर २०१७पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे गटात काय चालतं याची जबाबदारी गट उघडणाऱ्यावर असते. देशी राजकारणाचे पुढे पाठवलेले व्हिडिओ, सीमेवरच्या बातम्या, चिनी सरकारवरचे विनोद यांना पहिल्या दिवसापासून बंदी घाला आणि ती पाळा. रुसणारे रुसतील.

नदीच्या कुठल्या बाजूला

ह्वांगपू नदीने शहराचे दोन भाग केले आहेत, पश्चिमेला पूशी आणि पूर्वेला पूदोंग. पूशीत गुबेइ आणि होंगछ्याओ भागात जपानी, कोरियन, तैवानी घरांची जुनी वस्ती आहे. वूकांग आणि आनफू रस्त्यांचा झाडांचा जुना फ्रेंच भाग बिनमुलांच्या तरुणांना आवडतो. पूदोंगमध्ये जिनछ्याओला शाळांमुळे कुटुंबं राहतात, आणि झांगज्यांगला आयटी व औषध कंपन्यांची कार्यालयं आहेत. जिनछ्याओहून गुबेइला यायला दारापासून दारापर्यंत तासभर सहज लागतो. लहान मूल कडेवर असेल तर तो तास दोन तासांचा वाटतो.

भेटी सतत एकाच बाजूला ठेवल्या तर चार महिन्यांत दुसऱ्या बाजूची माणसं गळतात, आणि ती का गळली हे कुणी सांगत नाही. तेव्हा एक भेट इकडे, एक तिकडे. किंवा मेट्रोच्या मार्ग २वर मध्यभागी: चिंगआन मंदिर, पीपल्स स्क्वेअर, फार तर लूज्याझ्वे. मेट्रोचं तिकीट पहिल्या ६ किलोमीटरला ३ युआन, पुढे दर १० किलोमीटरला १ युआन. खर्च हा मुद्दाच नाही, शेवटची गाडी हा मुद्दा आहे. बहुतेक मार्गांवर ती साडेदहा ते अकराच्या आसपास सुटते. काही मार्गांवर शुक्रवारी-शनिवारी थोडी उशिरापर्यंत असते, पण बदलून दुसऱ्या मार्गावर जायचं असेल तर तिकडची गाडी गेलेली असते. म्हणून कार्यक्रम साडेनऊला संपेल असा आखा, म्हणजे तो दहाला संपतो.

नवख्या गटाला सगळ्यात स्वस्त आणि चुकायला कमी वाव असलेली भेट म्हणजे नदीकाठची फेरी. २०१७च्या अखेरीस यांगपू पुलापासून शूपू पुलापर्यंत नदीचे काठ मिळून ४५ किलोमीटर सलग मोकळे झाले. चालायला, पळायला, सायकलला वेगळ्या पट्ट्या आहेत, आरक्षण नाही, तिकीट नाही, स्वच्छतागृहं आहेत. २ युआनची फेरीबोट धरून नदी ओलांडली की मुलंही खूश. शहरातल्या भारतीयांचा जुना माग बघायचा असेल तर मार्ग ३वरच्या दोंगबाओशिंग रस्ता स्टेशनवर उतरा. शीख पोलिसांच्या काळात, १९०८ साली बांधलेल्या गुरुद्वाराची इमारत त्या रस्त्यावर आहे. बाहेरूनच पाहायची.

‘बंड’ या नदीकाठच्या भागातल्या उंच इमारतींमधल्या ‘नेटवर्किंग’ संध्याकाळींबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. तिथे ओळखी होतात, मैत्री होत नाही. मैत्रीला तीच माणसं, तीच जागा, तोच वार लागतो. दर बुधवारी बॅडमिंटन, दर शनिवारी सकाळी क्रिकेट, महिन्यातून एकदा रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेचं व्याख्यान, असं काहीतरी धरा. एक आपल्या भाषेचा गट आणि एक आवडीचा गट, एवढं पहिल्या वर्षाला पुरतं.

तारीख ठरवण्याआधी

शांघायमध्ये कार्यक्रम फसण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ‘थ्याओश्यू’. मोठ्या सुट्टीला जोडून सलग दिवस मिळावेत म्हणून सरकार आजूबाजूचा एखादा शनिवार किंवा रविवार कामाचा दिवस ठरवतं. पुढच्या वर्षीची यादी साधारण नोव्हेंबरच्या सुमारास जाहीर होते. १ ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय दिनाच्या आठवड्याआधी आणि नंतर असे भरपाईचे दिवस हमखास येतात, आणि नेमकी तेव्हाच आपली नवरात्र किंवा दसरा असतो. शनिवार बघून सभागृह घेतलं आणि त्या दिवशी निम्म्या लोकांचं ऑफिस निघालं, हे दरवर्षी कुणाचं तरी होतंच.

बाकी वर्ष असं दिसतं. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत ‘मेइयू’चा चिकट पाऊस, घरातल्या पापडालाही बुरशी. ऑगस्ट-सप्टेंबर वादळांचा हंगाम, म्हणजे गणपतीचा. त्या महिन्यांत उघड्यावरचं काही ठरवू नका. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. चिनी नववर्षाच्या आसपास घरकामाच्या बाया गावी जातात आणि कुरियरही रोडावतात, तेव्हा सामान दहा दिवस आधी घरात हवं. ११ नोव्हेंबरच्या ऑनलाइन सेलमध्ये कुरियर तुंबतात. दिवाळी त्याच सुमारास असेल तर डाळी-मसाले ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच मागवा.

भारताबरोबर व्हिडिओवर आरती करायची तर घड्याळ बघा. शांघाय अडीच तास पुढे आहे. पुण्यात सात म्हणजे इथे साडेनऊ, आणि रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ कायद्याने शांततेचा आहे. टाळ-झांजा दहाच्या आत थांबायच्या तर आजी-आजोबांना पाचला बसायला सांगा.

हॉटेलातली भेट: दोन दिंगजिन

१० ते ३० माणसांना रेस्टॉरंटमधली स्वतंत्र खोली, म्हणजे ‘बाओज्येन’, सोयीची. ठरवताना चार गोष्टी विचारा आणि उत्तरं वीचॅटवर लेखी घ्या: किमान खर्च किती, त्यात पेयं धरली आहेत का, खोली किती वाजेपर्यंत मिळेल, आणि आगाऊ रक्कम कुठल्या प्रकारची.

शेवटचा प्रश्न विनोदी वाटेल, पण पैसे त्यातच बुडतात. चिनीत ‘दिंगजिन’ नावाचे दोन शब्द आहेत आणि उच्चार तंतोतंत सारखा. एकाच्या पहिल्या अक्षरावर छप्पर असतं. ती विसाराची रक्कम. तुम्ही रद्द केलंत तर ती गेली. उलट त्यांनी मोडलं तर दुप्पट परत मिळायला हवी. कायद्याने ती एकूण रकमेच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. दुसऱ्याच्या पहिल्या अक्षराच्या डावीकडे ‘बोलणे’ या अर्थाची छोटी खूण असते, छप्पर नसतं. ती नुसती आगाऊ रक्कम, परत मागता येते. फोनवर फरक ऐकू येणं शक्य नाही. पावतीवर अक्षर बघा.

पैसे गोळा करताना वीचॅटमधली ‘छ्युन शोउख्वान’ ही गटवर्गणीची सोय सर्वांत सरळ. पण ती चालायला चिनी बँकेचं खातं जोडलेलं लागतं. नव्याने आलेल्यांनी परदेशी कार्ड जोडलेलं असतं. त्यावरून दुकानाला पैसे देता येतात, माणसाला पाठवता येत नाहीत. २०० युआनच्या वरच्या व्यवहारावर ३ टक्के शुल्कही लागतं. अशा माणसाला ‘नंतर दे’ म्हटलं की तो संकोचतो आणि पुढच्या वेळी येत नाही. त्याने आपला वाटा थेट काउंटरवर कोड स्कॅन करून भरावा, उरलेलं बिल बाकीच्यांनी. रेस्टॉरंटवाले बिल तुकड्यांत घेतात, आधी सांगितलं म्हणजे झालं. रोख नोटाही चालतात.

पैसे फक्त झालेल्या खर्चाची वाटणी म्हणून घ्या. तिकीटविक्री, नफा, किंवा परदेशी गायकाला, नर्तिकेला मानधन यात पडू नका. कामाचा परवाना नसताना परदेशी माणसाने पैसे घेऊन कार्यक्रम करणं बेकायदा रोजगार ठरतो. त्याला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, गंभीर प्रकरणात कोठडीही. हजार किंवा जास्त माणसांच्या जाहीर कार्यक्रमाला पोलिसांची परवानगी लागते. एवढा पसारा असेल तर तो वाणिज्य दूतावासाच्या किंवा मोठ्या हॉटेलच्या माध्यमातूनच करावा. सभागृहातली सामूहिक पूजा हीसुद्धा त्याच वर्गातली, कारण परदेशी लोकांच्या सामूहिक धार्मिक कार्यक्रमांना वेगळे नियम आहेत. घरातली पूजा घरात, घरच्या माणसांत.

शाकाहाराबद्दल. ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी खातो, एवढं म्हणून भागत नाही. फरसबीच्या भाजीत डुकराचा खिमा ही चवीची चिमूट समजली जाते. पालेभाजीत ऑयस्टर सॉस असतो, सूप कोंबडीच्या हाडांचं असतं, आणि टोफू शाकाहारी म्हणून येतो तो मांसाच्या रश्श्यात. वेटरला प्रत्येक पदार्थासाठी वेगळं विचारा: खिमा, चरबी, ऑयस्टर सॉस, रस्सा. ही चार नावं चिनीत लिहून फोनमध्ये ठेवा. कटकट नको असेल तर बौद्ध शाकाहारी भोजनालय गाठा. १९२२ साली सुरू झालेलं गोंगदलिन त्यातलं नावाजलेलं. पारंपरिक बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाईंचीही सोय होते. मात्र नकली बदक आणि नकली मासा टेबलावर आला की कुणी दचकू नये म्हणून आधी सांगून ठेवा.

घरी बोलावताना

इथल्या वसाहतीला ‘श्याओछू’ म्हणतात. तिला तीन-चार फाटकं असतात आणि त्यातली काही रात्री बंद होतात. पत्ता चिनी अक्षरांतच पाठवा आणि या क्रमाने: रस्ता, गल्लीचा म्हणजे ‘लोंग’चा क्रमांक, इमारत, घर. त्याखाली एक ओळ: कुठल्या फाटकाने यायचं. फाटकाचीच खूण नकाशावर टाका, घराची नको, नाहीतर टॅक्सी मागच्या भिंतीला नेऊन सोडते. १५पेक्षा जास्त पाहुणे असतील तर वसाहतीच्या व्यवस्थापनाला, म्हणजे ‘वूये’ला, आदल्या दिवशी कळवा. खालच्या आणि वरच्या घरात संत्र्यांची पिशवी देऊन ‘उद्या थोडा आवाज होईल, दहाला थांबवू’ म्हणून या. तक्रारी आवाजापेक्षा न सांगितल्यामुळे जास्त होतात. एकदा पोलिसांच्या ११० नंबरवर फोन गेला की सगळ्या पाहुण्यांचे पासपोर्ट बघितले जाऊ शकतात.

फटाके विसरा. १ जानेवारी २०१६पासून बाहेरच्या रिंगरोडच्या आत ते उडवायला बंदी आहे, एक फुलबाजीसुद्धा त्रास देऊ शकते. वसाहतीच्या क्लबहाउसमध्ये उघडी ज्योतही बहुधा चालत नाही, म्हणून पणत्या घरात आणि तिथे विजेचे दिवे. सार्वजनिक बंद जागेत धूम्रपानाला १ मार्च २०१७पासून बंदी आहे. ओढणाऱ्यांना कुठे उभं राहायचं ते आधीच दाखवून द्या.

आणि मग कचरा. जुलै २०१९पासून शांघायमध्ये चार डबे सक्तीचे आहेत, माणशी ५० ते २०० युआन दंड आहे, आणि बहुतेक वसाहतींत टाकायची वेळही ठरलेली: सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. पार्टी रात्री दहाला संपते तेव्हा कचराघर बंद असतं, म्हणून पसारा रात्रभर घरात राहणार हे धरून चाला. पाहुणे आत येण्याआधीच स्वयंपाकघरात चार पिशव्या लावा आणि वर मराठीत चिठ्ठ्या चिकटवा.

ओल्यात, तपकिरी डब्यात: उरलेलं अन्न, चहाचा चोथा, कोंबडीची हाडं, फळांची सालं, आणि निर्माल्य. हाराचा दोरा मात्र काढायचा, तो सुक्यात. ओला कचरा डब्यात ओतायचा आणि रिकामी पिशवी शेजारच्या काळ्या डब्यात टाकायची. सुक्यात, काळ्या डब्यात: खरकट्या कागदी ताटल्या, पेपर नॅपकिन, मटणाची मोठी हाडं, नारळाची करवंटी. हो, करवंटी सुक्यात जाते. इथे प्रत्येक मराठी घर एकदा चुकतं. निळ्यात धुतलेल्या बाटल्या आणि डबे. लालमध्ये विजेच्या पणत्यांतले बटण सेल.

घरकामाच्या बाईंना इथे ‘आयी’ म्हणतात. अर्थ मावशी, पण कानाला आपल्या आईसारखं वाटतं. पार्टीच्या दिवशी त्यांना तीन तास जास्त थांबायला सांगायचं तर चार दिवस आधी सांगा, तासाचा दर आधी ठरवा, आणि कचऱ्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवा. त्यांच्याइतकी ती कुणाला जमत नाही.

गणपती आणि मोदक

मूर्ती घरी करायची तर तावबाओ या ऑनलाइन बाजारावरून ‘थाओनी’, म्हणजे कुंभारकामाची माती मागवा. वीतभर मूर्तीला दोन ते अडीच किलो पुरते. शाळेच्या हस्तकलेची हलकी रंगीत माती मागवू नका. ती पाण्यात विरघळतच नाही, आणि हे विसर्जनाच्या रात्री कळतं. मूर्ती खालून पोकळ ठेवा, कुठेही जाडी तीन सेंटिमीटरच्या वर नको. हवा दमट असते, त्यामुळे वाळायला आठवडा धरा. घाई करून एसीसमोर ठेवली की मानेला तडा जातो. रंग हळद, कुंकू, गेरूचे. विसर्जन बादलीत. नदीत किंवा वसाहतीच्या तळ्यात मुळीच नाही. पूर्ण वाळलेली कच्ची माती एका रात्रीत विरघळते, अर्धवट ओली मात्र गोळा होऊन बसते. वरचं पाणी निथळून झाडांना घाला, गाळ कुंडीत. मोरीत ओतलात तर नळकारागीर बोलवावा लागेल.

मोदकाला पिठाची गफलत ठरलेली. दुकानात तांदळाची दोन पिठं शेजारी-शेजारी असतात. ‘नुओमीफन’ हे चिकट तांदळाचं. त्याची उकड सुंदर दिसते, पण वाफवल्यावर मोदक पसरून एकमेकांना मिठी मारतात. आपल्याला ‘झानमीफन’ हवं. ४० मोदकांना चार वाट्या पीठ, चार वाट्या पाणी, चमचाभर तूप, मीठ. पाण्याला उकळी आली की पीठ घालून ढवळा, गॅस बंद करून दहा मिनिटं झाका, मग गरम असतानाच कोमट पाण्याचा हात लावून मळा. इथलं पीठ जास्त बारीक असतं, मळताना पाणी थोडं जास्त लागलं तर घाबरू नका.

सारणाला चार वाट्या खोबरं, दोन वाट्या गूळ. सोललेलं पांढरं शहाळं घेऊ नका, त्यातलं खोबरं कोवळं आणि पाणचट असतं. ‘लाओयेझ’, म्हणजे जून नारळ मागा, दोन पुरतात. पाकिटातल्या सुक्या किसात कधीकधी साखर मिसळलेली असते, मागचं लेबल बघा. गुळाच्या जागी ‘होंगथांग’ची ढेप चालते. भुकटी घेतली तर सारण जास्त वेळ आटवा, नाहीतर मोदक तळाशी फुटतो. वाफवायला मात्र इथली बांबूची टोपली आपल्या मोदकपात्रापेक्षा सरस आहे, झाकण वाफ शोषतं आणि मोदकांवर पाणी ठिबकत नाही. केळीचं पान मिळालं नाही तर झोंगझी, म्हणजे पानात गुंडाळून शिजवलेला चिकट भात, त्याची पानं भिजवून घ्या.

चिनी शेजारी आणि सहकारी

त्यांना बोलावलंत तर जेवण साडेसहाला मांडा. सातच्या जेवणाला ते पावणेसातला हजर असतात, आणि आपली मंडळी आठला. साडेनऊला ताटं लागली तर चिनी पाहुणे भुकेने कासावीस, पण तोंडातून अवाक्षर नाही. जेवण झालं की ते लगेच निघतात, तो राग नव्हे. प्यायला साधं गरम पाणी ठेवा, दाराशी सपाता ठेवा, तिखट वेगळं वाटीत द्या. गुलाबजाम अर्धाच वाढा.

तुम्ही त्यांच्याकडे गेलात तर फळं न्या. घड्याळ भेट देऊ नका, त्याचा चिनी उच्चार अंत्ययात्रेला पोचवण्यासारखा होतो. दाराकडे तोंड करून असलेली खुर्ची यजमानाची किंवा मुख्य पाहुण्याची, दाखवल्याशिवाय बसू नका. पेला भिडवताना आपला वडीलधाऱ्यांच्या पेल्याहून किंचित खाली. दारू नको असेल तर ‘ई छा दाय ज्यू’, म्हणजे दारूऐवजी चहा, असं म्हणून चहाचा पेला उचला. हे शिष्टसंमत आहे. गाडी चालवायची आहे हे कारण तर कुणीच मोडत नाही.

वयस्क शेजाऱ्यांशी बोलायला विषय नसेल तर ‘ख दीह्वा’ हे नाव काढून बघा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला आले आणि १९४२ साली इथेच वारले. हे नाव चिनी शाळकरी पिढ्यांनी ऐकलेलं आहे. आपण त्यांच्याच प्रांतातले, एवढं भाषांतराच्या ॲपवर दाखवलं तरी लिफ्टमधली ओळख चहापर्यंत जाते.

निघताना

शहर सोडायच्या दोन महिने आधी गटाची मालकी वीचॅटमधून दुसऱ्याकडे द्या. नुसता ‘ॲडमिन’ करून भागत नाही, मालकी वेगळी असते. नवा मालक जिनछ्याओचा असेल तर जोडीदार गुबेइचा निवडा, आणि दोघांपैकी एकाचा करार तरी पुढच्या जूनच्या पलीकडचा असावा. सोबत द्यायचं ते असं: कुठल्या रेस्टॉरंटने शब्द पाळला, कुठल्या सभागृहाने किती रक्कम धरून ठेवली, मागच्या वर्षीचे माणसांचे आकडे, मोठी पातेली आणि समया कुणाच्या घरी आहेत, वर्गणीतले उरलेले पैसे कुणाकडे.

वीचॅटचं खातं चिनी नंबरावरून सोडवून भारतातल्या नंबराशी जोडा, आणि हे बँक खातं बंद करण्याआधी, चिनी सिम चालू असतानाच करा. नंबर बंद पडल्यावर फोन बदलला तर पडताळणीचा संदेश जुन्या नंबरावर जातो आणि सगळी माणसं एका दिवसात हरवतात. मोदकाचे साचे मात्र नव्या संयोजकाकडे ठेवून जा.